ठिणगी पोलादाची असते

घोडा पडतो, खट्ट आवाज येतो, पण ठिणगी पडत नाही. चकमकीच्या बंदुकीचं हे सगळ्यांत जुनं दुखणं. अशा वेळी बहुतेक जण स्प्रिंगला दोष देतात. स्प्रिंग म्हातारी झाली, जोर कमी झाला, नवी कडक स्प्रिंग बसवा, असा सल्ला हमखास मिळतो. तो बहुधा चुकीचा असतो. जोर वाढवला की गारगोटी फुटते, ती जिच्यावर आदळते ती पोलादी झडप झिजते, आतल्या खाचा तुटतात आणि ठिणगी मात्र होती तेवढीच राहते. कारण ठिणगी गारगोटीतून निघत नाही आणि जोरातूनही निघत नाही. गारगोटीची धार पोलादावरून घासत जाते, तेव्हा पोलादाचे अतिसूक्ष्म तुकडे खरवडून निघतात. घासण्याच्या उष्णतेने ते तापलेले असतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी भेट होताच पेट घेतात. ठिणगी म्हणजे जळणारं पोलाद. तेव्हा दुखण्याचं मूळ शोधायचं असेल तर आधी पोलादाला पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-बुडवून ते नीट कडक केलंय का, ते पाहायला हवं.

हा विषय हडपसरच्या माणसाने काढावा याला कारण आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी याच परिसरात यशवंतराव होळकरांची फौज आणि पेशवे-शिंदे यांची एकत्र फौज भिडली. दोन्ही बाजूंना गोऱ्या अंमलदारांच्या हाताखाली कवायत शिकलेल्या पलटणी होत्या. होळकरांकडे विकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग होते, शिंद्यांकडे डॉज. त्या दिवशी हार्डिंगही पडला आणि डॉजही. होळकर जिंकले, दुसरा बाजीराव पुण्यातून निघून गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. कवायती पलटणींच्या खांद्यावर चकमकीच्या बंदुका असत. जामगी पेटती ठेवावी लागणाऱ्या तोड्याच्या बंदुकीपेक्षा या बंदुका ओळीने उभं राहून, हुकुमाबरोबर झाडायला सोयीच्या. शिंद्यांच्या कवायती कंपूंसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर विलायती धर्तीच्या बंदुका बनवून घेई आणि एक बंदूक दहा रुपयांत पडे, असं इंग्रज लेखकांनी लिहून ठेवलंय. हे कंपू उभे करणाऱ्या महादजी शिंद्यांची छत्री हडपसरला लागूनच असलेल्या वानवडीत आहे.

आणि आज? हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, रामटेकडीला आणि पलीकडे मुंढव्यात पोलाद तापवून थंड करण्यावर हजारो घरं चालतात. मुंढव्याला भारत फोर्जसारखा फोर्जिंगचा मोठा कारखाना आहे आणि आसपासच्या गाळ्यांत छोट्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या. कुठल्या पोलादाला किती तापवायचं, तेलात बुडवायचं की पाण्यात, किती टेंपर मारायचं, म्हणजे नंतर हलकं तापवून ठिसूळपणा किती घालवायचा, हे इथल्या फिटरला तोंडपाठ असतं. तेच ज्ञान दोनशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीच्या कळीला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला, लावायचं, एवढंच या लेखात करायचंय.

आधी कायदा, मग कानस

घरात आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे कागद. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदूक जुन्या पद्धतीची आहे म्हणून ती आपोआप परवानामुक्त होत नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुन्या नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला, ज्याचा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द नीट वाचा. थोडी डागडुजी केली की जी चालेल, ती बंदूक या सुटीत बसत नाही. शिवाय कलम ५ नुसार बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. म्हणजे बाळगायचा परवाना तुमच्याकडे असला तरी झडप कडक करायचं काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच जायला हवं. शंका असेल तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. लेखी विचारलंत तर उत्तम. मग हा लेख वाचून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. उपयोग असा की कारागिराला नेमकं काय विचारायचं, त्याने केलेलं काम कसं तपासायचं आणि कुठली दुरुस्ती करूच द्यायची नाही, हे मालकाला कळायला हवं. नाटक-चित्रपटांसाठी भरीव नळीच्या दिखाऊ बंदुका बनवणाऱ्यांना आणि संग्रहालयात कळ उघडून दाखवणाऱ्यांना तर हे लागतंच.

दुसरी गोष्ट जीवाची. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत माळ्यावर पडलेल्या सापडतात. दारू कोरडी राहिली असेल तर कितीही वर्षांनी पेट घेते. तपासायची रीत सोपी आहे. बंदुकीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा. एक लाकडी काठी नळीत तळापर्यंत अलगद सोडा आणि तोंडाशी तिच्यावर खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहा. आतलं टोक कानापर्यंत, म्हणजे बाहेरच्या रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीतून नळीत आग जाते त्या भोकापर्यंत, पोचत असेल तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते काढायचा प्रयत्न घरी करू नका. ठोकू नका, तापवू नका, पोलिसांना कळवा.

कळीत काय असतं

बाहेरून दिसतो तो घोडा. त्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी आवळलेली असते. समोर इंग्रजी एल अक्षरासारखी पोलादी झडप. तिचा उभा भाग गारगोटीचा मार खातो आणि आडवा भाग रंजकाच्या वाटीवर झाकण म्हणून बसतो. घोडा पडला की गारगोटी उभ्या पोलादावरून खाली घासत येते, त्याच धक्क्याने झडप पुढे उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या रंजकात पडतात. झडपेखाली तिची छोटी स्प्रिंग असते. आतल्या बाजूला मोठी स्प्रिंग, घोड्याच्याच आसावर बसलेलं खाचांचं चाक आणि त्या खाचांत अडकणारी खिट्टी. चाप ओढला की खिट्टी खाचेतून सुटते.

आता यातला प्रत्येक भाग पोलादाचा असला तरी प्रत्येकाला वेगळं पाणी लागतं. झडपेचा चेहरा काचेसारखा कडक हवा. स्प्रिंग वाकून परत येणारी हवी. खाचांचं चाक आणि खिट्टी वरून कडक, आतून चिवट हवी. घोडा मात्र जवळजवळ मऊच बरा, कारण त्याने दणका सोसायचा असतो. 'सगळं कडक करून टाका' म्हणणाऱ्या कारागिराकडून बंदूक परत घ्या.

हात बसवायचा तर चकमकीवर

बंदुकीच्या भागावर शिकू नये. शिकायला चकमक आहे. काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी शेतावर जाणाऱ्याच्या बटव्यात पोलादाचा तुकडा, गार आणि सावरीचा कापूस असे; चिलीम त्यावरच पेटायची. ही चकमक आणि बंदुकीची झडप एकाच पोलादाच्या, एकाच पाण्याच्या वस्तू आहेत. चकमकीला परवाना लागत नाही, बिघडली तर नुकसान एका जुन्या कानशीचं.

कानस जुनी आणि चांगल्या कंपनीची घ्या. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मिळते. तिच्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त असतो आणि ठिणगीला तोच लागतो. हल्ली काही स्वस्त कानशी साध्या लोखंडाच्या असतात, वरून फक्त पातळ थर कडक केलेला असतो. ओळखायचं असेल तर कोपरा ग्राइंडरला लावा. चांगल्या पोलादाची ठिणगी जवळच फुटते आणि तिला पुष्कळ फांद्या येतात. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, सरळ आणि फारशी न फुटणारी. कोपरा चांगला आत, थर संपेपर्यंत घासून बघा, नाहीतर फसाल. ईएन ८ सारख्या मधल्या कार्बनच्या पोलादावर वेळ घालवू नका. ते कडक होतं, पण गारेखाली ठिणग्या फार थोड्या देतं.

कानशीचे दात आधी पूर्ण घासून काढा. दातांच्या खाचा राहिल्या तर पाणी देताना तिथूनच तडे जातात. तुकडा लाल करून हव्या आकारात ठोका, बोटं अडकतील असा वाक द्या. आकार झाला की एकदा लाल तापवून राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू गार होऊ द्या. या पायरीचा लोकांना कंटाळा येतो, पण ठोकताना पोलादात आलेला ताण इथेच निघतो, आणि तो निघाला नाही तर पाणी देताना तुकडा वाकडा होतो.

मग खरं काम. भट्टी कोळशाची असो की गॅसची, उजेडात बसू नका. दुपारच्या उन्हात नऊशे अंशांचं पोलादही मळकट लाल दिसतं आणि माणूस ते अजून तापवत राहतो. सावलीत, शटर अर्धं खाली ओढून बसा. तुकडा सांडशीत धरून सारखा फिरवत राहा, म्हणजे कडा आधी आणि मध्य नंतर असं होणार नाही. जवळ तारेला बांधलेलं लोहचुंबक ठेवा. पोलाद तापत जातं तसं एका क्षणी चुंबक त्याला चिकटेनासं होतं. ते साधारण ७७० अंश सेल्सिअस. तिथून थोडं वर, ८०० च्या आसपास, चेरीसारखा सारखा लाल रंग आला की थांबा. नारिंगीकडे जाऊ देऊ नका. जास्त तापलेल्या पोलादाचे कण मोठे होतात. मग तुकडा कडक दिसतो, पण मोडला तर आत खडीसाखरेसारखे दाणे दिसतात. योग्य तापलेला मोडला तर आत मखमली राखाडी दिसतो.

बुडवायला तेल वापरा, पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल जास्त दाट असतं आणि उष्णता उलट हळू घेतं. पाण्यात बुडवलं तर अधिक कडक होतं, पण पातळ तुकड्याला तडा जायची भीती मोठी. बुडवताना धारेकडून सरळ खाली, आडवं टाकायचं नाही, आणि तेलात हळूहळू वरखाली हलवायचं म्हणजे भोवती वाफेचा पडदा धरत नाही. भांडं लोखंडाचं आणि झाकणाचं असू द्या. तेल पेटलं तर झाकण टाका, पाणी कधीही ओतू नका.

गार झालेला तुकडा कानशीने घासून पाहा. कानस चावली तर पाणी बसलं नाही. काचेवरून घसरावी तशी सरकली तर बसलं. आता त्याला टेंपर. पाणी दिलेलं पोलाद तसंच ठेवलं तर ते फरशीवर पडूनही फुटू शकतं, म्हणून त्याच दिवशी, होता होईल तो त्याच तासात टेंपर मारा. घरातला ओटीजी १९० ते २०० अंशांवर लावून त्यात तुकडा तासभर ठेवला की पुरे. ओटीजीच्या खुंटीवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग येईल. तिथेच थांबायचं. तो गडद पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा झाला की पोलाद मऊ होत चाललं. २८० अंशांच्या आसपास जांभळा, ३०० च्या आसपास निळा. निळ्या चकमकीवर ठिणगी शोधावी लागते.

गार म्हणून दख्खनच्या काळ्या दगडातला अकीक किंवा त्याचाच भाऊ असलेला कॅल्सेडनी चांगला. पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांत पांढरट, मेणचट दिसणारे तुकडे सापडतात. इंग्रजांच्या फौजेला गारगोट्या सफोकमधल्या ब्रँडन गावच्या पुरवल्या जात. तसा खरा फ्लिंट आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये नाही, पण अकीक कडकपणात कमी पडत नाही. फक्त त्याची धार लवकर बोथट होते आणि नव्याने काढायला तो फ्लिंटसारखा सुरेख छिलत नाही. तुकड्याची धार वर करून त्यावरून पोलाद खालच्या दिशेने घासून मारा. ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, वजनदार आणि खाली पडेपर्यंत जिवंत असतील तर तुमचं पाणी बरोबर. तांबूस, चिमुकल्या आणि हवेतच विझणाऱ्या असतील तर एक तर पोलादात कार्बन कमी, नाहीतर टेंपर जास्त. हा फरक डोळ्याला एकदा कळला की कुठल्याही बंदुकीच्या कळीबद्दल तुम्ही कारागिराशी बरोबरीने बोलू शकता.

झडप

झडपेच्या चेहऱ्याला चकमकीचेच नियम. कडकपणा मोजायचं यंत्र हाताशी असेल तर रॉकवेल सी ६० च्या आसपास हवा. पण झडपेचा खालचा भाग, जिथून ती आसावर फिरते आणि जिथे स्प्रिंग तिला दाबते, तोही तेवढाच कडक ठेवला तर पहिल्या थंडीत आसापाशी तुकडा पडतो. म्हणून सगळ्या झडपेला पाणी दिल्यावर चेहरा पाण्यात किंवा ओल्या चिंध्यांत ठेवून फक्त पायाला बारीक ज्योतीने तापवतात आणि पाय निळा होऊ देतात. चेहऱ्याकडे पिवळा रंगही सरकता कामा नये.

जुन्या झडपेची दोन दुखणी नेहमीची. एक म्हणजे अनेकदा मूळची झडप साध्या लोखंडाची असून तिच्यावर पोलादाचा पातळ पत्रा जोडलेला असतो, आणि तो झिजून संपलेला असतो. अशा झडपेला कितीही वेळा पाणी द्या, उपयोग नाही. कडक व्हायला कार्बनच उरलेला नसतो. तिथे चेहऱ्यावर ताज्या उंच-कार्बन पोलादाचा पत्रा बसवून घेणं हाच मार्ग आहे. जुन्या काळीही हेच करत. दुसरं दुखणं म्हणजे कुणीतरी चेहरा चकचकीत करायला पॉलिश-चाकावर धरलेला असतो. तापून त्याचा वरचा थर मऊ पडतो. असा थर अगदी पातळ असेल तर बारीक दगडाने, पाणी टाकत, तो काढला की खालचं चांगलं पोलाद लागतं.

तापवताना आणखी एक काळजी. भट्टीत हवा मोकळी असली की पोलादाच्या अंगावरचा कार्बन जळून जातो आणि नेमका वरचा थर, जो ठिणगी देणार, तोच निकामी होतो. झडपेला चिकणमाती आणि कोळशाच्या भुकटीचा पातळ लेप देऊन वाळवावा, किंवा ओला करून टाकणखार लावावा. छोट्या वस्तूंसाठी कोळशाची भुकटी भरलेल्या बंद डबीत ठेवून तापवणं सगळ्यांत खात्रीचं.

स्प्रिंग

स्प्रिंगच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: मोडलेली नसेल तर तिला हात लावू नका. दोनशे वर्षं टिकलेली स्प्रिंग ज्याने केली त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. जोर कमी वाटला तर आधी आसांवरचा वाळलेला तेलाचा चिकटा आणि गंज काढा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

नवी करावीच लागली तर मोटारीच्या पाट्याच्या तुकड्यापासून केलेली स्प्रिंग चालते, पण तो पाटा ईएन ४५ असतो, म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचा. त्याला ९०० अंशांच्या आसपास तापवून तेलात पाणी द्यावं लागतं. कानशीच्या पोलादाचं गणित त्याला लावून चालणार नाही. पाऊण टक्का कार्बनची साधी पट्टी मिळाली तर सोपं. तिला ८०० च्या थोडं वर पाणी, मग ४०० अंशांच्या आसपास टेंपर. इथे रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण निळा रंग ३०० च्या आसपास येऊन जातो आणि पुढे पोलाद राखाडीच दिसतं. जुने कारागीर स्प्रिंगला तेल लावून ते तीनदा पेटवून जाळत आणि त्यावरून अंदाज बांधत. आज गाळ्याच्या शेजारी तापमान नेमून देणारी भट्टी असताना अंदाज बांधायचं कारण नाही. दहा मिनिटांच्या कामाला शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला विनंती करा. शिशाच्या वितळलेल्या डब्यात टेंपर मारायची जुनी युक्ती कुणी सुचवली तर नको म्हणा. बंद गाळ्यात शिशाचा धूर अंगात जातो आणि ते शिसं सहजासहजी बाहेर निघत नाही.

पाणी देण्याआधी स्प्रिंग लांबीच्या दिशेने घासून आरशासारखी करा. आडवा एकही ओरखडा राहू देऊ नका. स्प्रिंग तुटते ती बहुधा अशाच एखाद्या आडव्या ओरखड्यापासून. शिवाय टेंपर झाल्यावर ती लगेच कळीत बसवू नका. वाइसमध्ये धरून, तोंड बाजूला करून, कळीत दबेल त्याहून थोडी जास्त दाबा आणि सोडा. अंतर जसंच्या तसं परत आलं तर ठीक. डोळ्यांवर चष्मा हवाच. तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा सुईसारखा उडतो.

खाचा आणि खिट्टी

हे भाग साध्या लोखंडाचे असले तर त्यांना पाणी चढत नाही. कार्बन आत मुरवावा लागतो. हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात बंद डबीत ठेवून ८७० ते ९०० अंशांवर काही तास ठेवलं की वरचा मिलिमीटरच्या काही दशांशांचा थर पोलाद होतो, मग तेलात बुडवून हलका टेंपर. काही गाळ्यांत यासाठी सायनाइड वापरायचे. ते काम लायक यंत्रणेशिवाय कुणाकडूनही करवून घेऊ नका.

इथली एकच गोष्ट मालकाने स्वतः तपासायची. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर आणा आणि चाप ओढा. घोडा हलता कामा नये. अर्ध्या घोड्याची खाच खोल असते, खिट्टीचं नाक तिच्यात पूर्ण घुसून अडकतं. तिच्यावर माणसाचा जीव असतो. पूर्ण घोडा चढवून बाजूने अंगठ्याने हलकं ढकलून पाहा, तेव्हाही सुटता कामा नये. चाप हलका व्हावा म्हणून खाचेचा कोन घासायला सांगणारे खूप भेटतात. कोन बदलला की खाच खिट्टीला बाहेर ढकलायला लागते आणि एक दिवस बंदूक आपोआप सुटते. चाप जड आहे म्हणून कुणाचा जीव जात नाही.

ओरखडे वाचा

भाग सगळे नीट झाले तरी ते एकमेकांशी जुळायला हवेत, आणि जुळले की नाही हे झडपच सांगते. झडपेचा चेहरा मार्करने काळा करा. नळी रिकामी, वाटी रिकामी, कानात काडी खोचलेली. घोडा चढवून एकदाच पाडा आणि चेहऱ्यावरचे ओरखडे पाहा.

ओरखडा चेहऱ्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सुरू व्हावा आणि सलग खाली येत जावा. अगदी मध्यावर किंवा त्याखाली सुरू होत असेल तर गारगोटी आखूड आहे किंवा तिची धार खाली झुकली आहे. गारगोटीला एक सपाट आणि एक उताराची बाजू असते. ती उलटून बसवली की धार वर-खाली होते, त्यामुळे काही घासण्याआधी गारगोटी उलटून पाहा. बिनखर्चाचा उपाय आहे आणि बऱ्याचदा तेवढाच पुरतो. एका बाजूलाच ओरखडा असेल तर धार झडपेला समांतर नाही. जबड्याचा स्क्रू सैल करून फिरवा. चेहऱ्यावर आडवे खळगे पडत असतील, म्हणजे गारगोटी खरवडत न जाता थांबून-थांबून टोचत असेल, तर झडपेची स्प्रिंग मोठ्या स्प्रिंगच्या मानाने जास्त कडक आहे. झडप उलटून परत घोड्यावर आपटत असेल तर उलटं, तिची स्प्रिंग फार सैल आहे. दोन्ही स्प्रिंगांत तोल साधणं म्हणजे या कळीचं खरं ट्यूनिंग. यात मोठीचा जोर वाढवण्याऐवजी झडपेच्या स्प्रिंगची टेकायची जागा आणि झडपेच्या पायाचा उतार गुळगुळीत करणं जवळजवळ नेहमीच जास्त फायद्याचं ठरतं.

गारगोटी आवळताना तिच्याभोवती चामडं हवंच. उघड्या धातूच्या जबड्यात ती निसटते, आणि जोरात आवळली तर फुटते. घोडा पूर्ण खाली असताना गारगोटीचं टोक वाटीच्या मध्याकडे बघत असलं पाहिजे, पण वाटीला टेकता कामा नये. टेकत असेल तर प्रत्येक फेरीला धार वाटीवर आपटून मोडेल.

एकदा हे जमलं की अंधारात पाहा. खोलीतले दिवे मालवून, रिकाम्याच कळीवर घोडा पाडा. ठिणग्यांचा पुंजका वाटीत पडून क्षणभर तिथे चमकत राहायला हवा. वाटीच्या बाहेर, पुढे उडत असेल तर झडप फार लवकर उलटते आहे.

पावसाळ्यासाठी

पुण्याची हवा जून ते सप्टेंबर पोलादाची शत्रू. आतल्या आसांना आणि खिट्टीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. जास्त तेल धूळ धरतं आणि पुन्हा तोच चिकटा तयार होतो. झडपेच्या चेहऱ्यावर आणि गारगोटीवर मात्र तेलाचा अंशही नको, तेलकट पोलादावर ठिणगी अर्धी होते. दाखवण्याआधी चेहरा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, ठेवताना मेणाचा पातळ हात द्या. चामड्याच्या म्यानात किंवा गुंडाळीत ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि त्याने धरलेला ओलावा पोलादाला खड्डे पाडतात. सुती कापडात, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घोडा खाली आणि झडप उघडी ठेवा म्हणजे दोन्ही स्प्रिंगांवर ताण कमी राहतो. मूळचा तपकिरी रंग, कारागिराच्या खुणा आणि फारसी किंवा मोडी अक्षरं घासून काढू देऊ नका. ती गेली की वस्तूचा इतिहास सांगणारं काही उरत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं पाहायला मिळतात. तिथे जाल तेव्हा मुठीच्या नक्षीबरोबर कळीकडेही पाहा, विशेषतः झडपेच्या चेहऱ्याकडे. ओरखडे सरळ आणि सलग असतील तर ती बंदूक कुणीतरी नीट जुळवून वापरलेली आहे.

परवानाधारक कारागिराकडे बंदूक सोपवताना झडप कुठल्या पोलादाची, पाणी कशात दिलं, टेंपर किती अंशांवर, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं पावतीवर लिहून घ्या. पुढच्या वेळी काम करणाऱ्याला पहिली दोन तासांची चाचपणी करावी लागणार नाही.